बैल सावलीला, माणूस उन्हात



या पानावर आपली गाठ पडते ती बहुधा हुमणी, डाळिंबावरचा तेल्या, ठिबकच्या नळ्यांची सफाई अशा विषयांवर. आजचा विषय जरा आडवळणाचा आहे. २०२४ च्या जानेवारीपासून ऑक्टोबरपर्यंत माझ्या सजातल्या गावांनी मला रोज पहाटे, आणि पुढे पुढे भर दुपारीसुद्धा, सायकलवर किंवा पायी पळताना पाहिले. पारावरच्या एका आजोबांनी तर तोंडावरच विचारले, "सायेब, सरकारनं गाडीचं तेल बंद केलं व्हय?" त्यांना तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. ते आज देतो. त्यात माझ्या खुळाचा भाग आहे तसा तुमच्या कामाचाही आहे. कामाचा भाग जास्त आहे.

आधी खूळ काय ते सांगतो. पोहणे, सायकल आणि धावणे ही तिन्ही कामे एकामागून एक, मध्ये विश्रांती न घेता करायची, अशी एक शर्यत असते. तिला ट्रायथलॉन म्हणतात. तिच्यातला सर्वांत अवघड म्हणून गाजलेला प्रकार अमेरिकेच्या हवाई बेटांवर १९७८ साली सुरू झाला. तिथल्या आरमारातले जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडी यांनी तो काढला. पोहणारा दमदार, सायकलवाला की पळणारा, अशी पैज लागली आणि वाद मिटवायला तिन्ही एकत्र बांधले: ३.८ किलोमीटर समुद्रात पोहणे, १८० किलोमीटर सायकल, मग ४२ किलोमीटरच्या वर धाव. पहिल्या वर्षी १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केली. १९८१ साली ती शर्यत कोना या गावी गेली. तिथे दोन्ही बाजूंना काळा लाव्हा पसरलेला आणि वर ऊन. तेव्हापासून या खेळाचा खरा शत्रू अंतर नसून ऊन आहे, हे सगळ्यांना कळले.

याच शर्यतीची निम्मी आवृत्ती आपल्या शेजारी गोव्यात २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा झाली. पणजीला मिरामारच्या किनाऱ्यावर १.९ किलोमीटर पोहायचे, ९० किलोमीटर सायकल मारायची आणि २१ किलोमीटर पळायचे, हे सगळे साडेआठ तासांत. मध्ये महामारीची दोन वर्षे गेली, २०२२ पासून ती पुन्हा भरू लागली. मला वाटले, आपण शेतकऱ्याचे पोर, विहिरीत पोहलेले, शाळेला सायकलवर गेलेले. आपल्याला काय अवघड?

अवघड होते. विहिरीपासूनच सुरुवात करू.

आमची विहीर तीस फूट व्यासाची. १.९ किलोमीटर पुरे करायला या काठावरून त्या काठावर दोनशेच्या वर फेऱ्या लागतात. मोजताना चुकायला होई म्हणून काठावर चिंचोके ठेवले होते. दहा फेऱ्या झाल्या की एक चिंचोका पाण्यात. हे वाचून कोणाला वाटेल, एवढे कशाला, शेजारी एक एकराचे शेततळे तुडुंब आहे, तिथे पोहावे. तर बंधूंनो, इथे थांबून सांगतो. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात पोहायला उतरू नका आणि पोरांना उतरू देऊ नका. विहिरीला पायऱ्या असतात, कपारी असतात, सोल लोंबत असते. शेततळ्याच्या उतारावर पाचशे मायक्रॉनचा कागद असतो आणि त्यावर शेवाळ धरलेले असते. पट्टीचा पोहणारासुद्धा काठाशी येऊन घसरतो, पुन्हा चढतो, पुन्हा घसरतो, आणि दमून बुडतो. आपण अंदाजपत्रकात कागद धरतो, खोदाई धरतो. तळ्याच्या चारी बाजूंना गाठी मारलेला सोल किंवा टायरची साखळी बांधायला पाचशे-हजारावर खर्च येत नाही, पण ते राहून जाते. ज्यांच्या तळ्याला कुंपण आणि दोर नाही त्यांनी या आठवड्यात बांधून घ्यावा.

सायकलचे फारसे सांगण्यासारखे नाही. जुनी, दुसऱ्याच्या हातची घेतली. पहाटे पाचला निघायचे, सूर्य वर येईपर्यंत परतायचे, मग आंघोळ करून शिवारात. असे तीन महिने चालले. वजन चार किलो उतरले, दम वाढला, आणि मला वाटू लागले की जमले.

इथेच फसलो. गोव्याच्या शर्यतीत पोहणे सकाळी उरकते, पण धावणे येते ते ऊन चढल्यावर. माझा सगळा सराव थंड वेळेचा. एका जाणकाराने सांगितले, "उन्हाची सवय करा." मी शहाण्याने ती एका दिवसात करायचे ठरवले. एप्रिलचा तिसरा आठवडा, रविवार, दुपारी एकची वेळ. आपल्या सोलापूर भागात त्या दिवशी पारा बेचाळीसच्या पुढे होता. चाळीस किलोमीटर सायकल मारली, ती झाडाला लावली आणि कालव्याच्या कडेने पळायला लागलो. बाटलीतले पाणी चहाएवढे तापले होते म्हणून प्यायलोच नाही.

चौथ्या-पाचव्या किलोमीटरला अंगावर काटा आला. बेचाळीस अंशांत थंडी वाजल्यासारखे झाले. आता कळते की ती धोक्याची घंटा होती. तेव्हा बरे वाटले. मग राग येऊ लागला, कशाचा ते कळेना. ओळखीची वाट सोडून एका बांधावर वळलो. त्यापुढचे मला आठवत नाही, दुसऱ्यांकडून ऐकलेले सांगतो. मी झोकांड्या खात कडवळाच्या रानात शिरलो. मोटारसायकलवरचा एकजण "भर दुपारचीच लावलीया" म्हणून पुढे निघून गेला. त्याला दोष देत नाही, उन्हाने घेरलेला माणूस दिसतोच प्यालेल्यासारखा.

त्या रानाच्या कडेला एक आजी शेळ्या राखत होत्या, बरोबर त्यांचा बारा-तेरा वर्षांचा नातू. त्यांनी मला "पोरा, नाव काय तुझं, गाव कंचं?" असे विचारले. मला गावाचे नाव सांगता आले नाही. आजींनी दुसरे काही विचारले नाही. नातवाला हाताशी धरून मला ओढत नेले आणि बोअरच्या पाण्याने भरून वाहणाऱ्या पाटात कपड्यासकट आडवे केले. डोके नातवाच्या मांडीवर, बाकी सगळा देह पाण्यात. वरून आजी ओंजळीने डोक्यावर पाणी मारत होत्या आणि पदराने वारा घालत होत्या. वीसेक मिनिटांनी मी शुद्धीवर आलो आणि मग त्यांनी नातवाला वस्तीवर गाडी बघायला धाडले. आधी पाणी, मग गाडी.

दवाखान्यात डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले. म्हणाले, "तुम्हाला आजींनी वाचवलंय. सावलीत झोपवून गाडीची वाट बघितली असती तर मी काही करू शकलो असतो का, सांगता येत नाही." शरीराच्या आतली उष्णता चाळीस अंशांच्या वर गेली की मेंदू, मूत्रपिंड, यकृत शिजायला लागतात आणि पहिल्या अर्ध्या तासात ती खाली आली तर माणूस बहुधा वाचतो. मी नंतर आजींना भेटायला गेलो, साडी-चोळी घेऊन. त्यांना विचारले, हे तुम्हाला कोणी शिकवले? त्या म्हणाल्या, "त्यात काय शिकवायचं लेकरा? म्हस उन्हानं धापंला लागली तर तिला डबऱ्यात घालत न्हाई का आपण? तसंच तुला घातलं."

आता जी गोष्ट सांगायची आहे, ती लिहायला मला दीड वर्ष लागले.

२०२३ च्या मे महिन्यात माझ्याच सजातल्या एका शेतात ठिबकसाठी चारी खोदण्याचे काम चालू होते. चारजण खोदत होते. त्यातला एक चाळिशीचा गडी दोन वर्षे पुण्यात रात्रीचा पहारेकरी होता, तिथले काम सुटले म्हणून नुकताच गावी परतलेला. कामाचा त्याचा तिसरा दिवस. मी सकाळी साडेनऊला तिथे गेलो, चारीची खोली मोजली, शेतकऱ्याची सही घेतली, चहा घेतला आणि पुढच्या गावाला निघालो. उक्ते काम होते, दुपारपर्यंत उरकायचे म्हणून कोणी थांबत नव्हते. साडेबाराच्या सुमारास तो गडी असंबद्ध बोलू लागला. बाकीचे हसले. मग तो बसला, मग आडवा झाला. त्याला उचलून सावलीत नेले, म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये. वर पत्रा तापलेला, चारी बाजू बंद. तोंडात पाणी घालायचा प्रयत्न केला, ते बाहेर आले. कांदा फोडून नाकाला लावला. गाडीला पाऊण तास लागला. तालुक्याच्या वाटेवर तो गेला.

विहीर शेडपासून पन्नास पावलांवर होती. मोटर चालू होती.

शेतकऱ्याचे, गड्याचे आणि गावाचे नाव लिहीत नाही. कोणालाच काही माहीत नव्हते, मलाही नव्हते. मी कृषी पदविकाधारक, उन्हाळ्यात रोपाला किती पाणी लागते ते तोंडपाठ सांगणारा. माणसाचे मला कधी कोणी विचारले नाही आणि मी कधी कोणाला सांगितले नाही. माझ्यावर वेळ आली तेव्हा पाटात पडल्या पडल्या मला तोच आठवला.

त्यानंतर मी जे वाचले, डॉक्टरांना विचारले आणि स्वतःवर करून पाहिले, ते आता तुमच्या भाषेत सांगतो.

माणसाचे अंग हे डिझेल इंजिनासारखे आहे. काम करताना जेवढी ताकद जळते तिचा पाचवा, फार तर चौथा भाग कुदळीला मिळतो, बाकी सगळी उष्णता होते. ती बाहेर टाकायला आपल्याकडे मुख्य साधन एकच, घाम. आणि घाम आला म्हणजे झाले असे नव्हे. घाम अंगावर वाळला तरच उष्णता नेतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. जो घाम टपकून मातीत पडला तो फुकट गेला. आपला माठ बघा. एप्रिलमध्ये त्यातले पाणी गार होते, श्रावणात होत नाही. हवाच ओली असली तर माठाबाहेरचे पाणी वाळत नाही. माणसाचेही तसेच. म्हणून वळवाच्या पावसानंतर पारा अडतीसवर उतरला तरी जीव जास्त कासावीस होतो. हवामान केंद्रावर कोरडा आणि ओला असे दोन तापमापक असतात ते याचसाठी. ओल्या तापमापकाने ३५ अंश दाखवले की धट्टाकट्टा माणूस नुसता सावलीत बसूनही फार काळ टिकत नाही, असे मानत. अलीकडच्या प्रयोगांत ही मर्यादा त्याच्याही बरीच खाली, ३०-३१ च्या आसपास निघाली. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर जे बळी गेले ते काही खोदकाम करत नव्हते, उन्हात बसले होते.

आता सवयीचे. नर्सरीतून रोप आणले की आपण ते थेट उन्हात लावतो काय? लावणीआधी काही दिवस पाणी कमी करतो, हळूहळू ऊन दाखवतो, रोप काटक करतो. टिश्यू कल्चरची केळी तर महिना-दीड महिना शेडनेटखाली ठेवून मगच देतात. माणूसही असाच काटक होतो, त्याला सात ते चौदा दिवस लागतात. पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, त्यामुळे हृदयावरचा ताण कमी होतो. पुढच्या आठवड्यात घाम लवकर सुटू लागतो, जास्त सुटतो आणि त्यातले मीठ कमी होते. मात्र ही सवय टिकत नाही. उन्हापासून दोन-चार आठवडे दूर राहिले की ती बहुतेक जाते. पुण्याहून आलेल्या त्या गड्याची गेली होती. उन्हाने होणारे मृत्यू पहिल्या काही दिवसांतच जास्त होतात, ते यामुळे.

अमेरिकेतल्या कामगारांच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेने याचे सरळ माप दिले आहे: नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातले काम नेहमीच्या पाचव्या हिश्शाएवढेच द्यावे आणि रोज तेवढेच वाढवत न्यावे, म्हणजे पाचव्या दिवशी तो पूर्ण कामावर येईल. पूर्वी त्या कामाची सवय असलेला पण मध्ये सुटलेला असेल तर पहिल्या दिवशी निम्म्याने सुरुवात. तुम्ही म्हणाल, पाचवा हिस्सा काम आणि पूर्ण हजेरी, हे परवडायचे कसे? उरलेल्या वेळात त्याला गोठ्याचे, निवडीचे, सावलीतले काम द्या. आणि उन्हाच्या दिवसांत खोदाईचे काम उक्ते देऊ नका. उक्त्याच्या कामात माणूस अंगाचे ऐकत नाही.

मी हाच हिशोब स्वतःला लावला. मे महिन्यात पहिल्या दिवशी सकाळी दहाला वीस मिनिटे, नुसते भरभर चालणे. मग रोज थोडे वाढवत पंधरवड्याने सव्वा तास पळणे. सोबत नेहमी कोणीतरी सायकलवर. वाट अशी निवडली की दर दोन किलोमीटरला विहीर किंवा बोअर लागावा. पण पावसाळ्यात ही कमाई आटली. सप्टेंबरच्या अखेरीस, ऑक्टोबरचे ऊन सुरू झाल्यावर, तीच पायरी पुन्हा पहिल्यापासून चढावी लागली. तुमचेही तेच आहे. दर मार्चला शरीर नव्याने शिकते, मग तुम्ही चाळीस वर्षे रानात राबलेले का असेना.

पाण्याबद्दल दोन गैरसमज आहेत. एक, मुरलेल्या गड्याला पाणी कमी लागते. उलट आहे. मुरलेल्याला घाम जास्त येतो, त्याला पाणी जास्त लागते. मी कांद्याच्या काट्यावर स्वतःला जोखले. पळण्याआधी ७१.४ किलो, दोन तासांनी ६९.२. मध्ये एक लिटर पाणी प्यालो होतो. म्हणजे दोन तासांत ३.२ लिटर घाम गेला. तुम्हीही हे करून बघा, काटा घरी आहेच. एक किलो घटले म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेले.

दुसरा गैरसमज, पाणी जितके प्यावे तितके चांगले. तसे नाही. घामात लिटरमागे साधारण एक ग्रॅम सोडियम, म्हणजे अडीच ग्रॅमच्या आसपास मीठ जाते, माणसागणिक कमीजास्त. सदरा वाळल्यावर पाठीवर पांढरे नकाशे उमटतात ते हेच. हे मीठ न भरता नुसते पाणी ढोसत राहिले की रक्त पातळ होते. डोके दुखते, उलटी होते, झटके येतात, क्वचित जीवही जातो. २००२ साली अमेरिकेतल्या बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये ४८८ धावणाऱ्यांचे रक्त तपासले, तर १३ टक्के लोकांच्या रक्तातले सोडियम खाली गेलेले निघाले. तेव्हा दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला पाणी, तासाला दीड लिटरच्या वर नाही, आणि दोन तासांपेक्षा जास्त काम असेल तर त्यात मीठ. बाजारच्या रंगीत बाटल्यांची गरज नाही. आपले मीठ घातलेले ताक, कैरीचे पन्हे, लिंबू-मीठ-साखरेचे सरबत, भाकरीबरोबर खर्डा हे सगळे त्यासाठीच आहे. लिटरभर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, दोन्ही सपाट चमचे, हे घरगुती माप लक्षात ठेवा. रक्तदाबाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाने मात्र डॉक्टरांना विचारूनच मीठ वाढवावे.

फवारणीचे एक सांगून पुढे जातो. उन्हात घामेजलेल्या अंगातून औषध लवकर आत जाते, आणि अंगभर संरक्षक कपडे घालावेत तर त्यात घाम वाळत नाही. दोन्हीकडून कोंडी. त्यामुळे फवारणी पहाटे किंवा संध्याकाळी, याला दुसरा उपाय नाही.

आता कोणाला ऊन लागलेच तर. घाम थांबला तरच उष्माघात, असे आपल्याकडे समजतात. काम करता करता ऊन लागलेल्याचे अंग घामाने निथळत असते तरीही आत आग लागलेली असते. खरी खूण बोलण्यात आहे. नाव, गाव, आजचा वार विचारा. उत्तर चुकले, बोलणे बरळल्यासारखे झाले, चाल बिघडली, की दारूचा संशय बाजूला ठेवून त्याला गार करायला लागा. पाट, हौद, जनावरांची दोण, काहीही चालेल. डोके वर धरून बाकी अंग पाण्यात बुडवा. ते नसेल तर अंगावर ओली पोती टाकून ती सतत भिजवत राहा आणि वारा घाला. पाणी किती गार आहे याचा विचार करत बसू नका. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. पूर्ण शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, ते फुप्फुसात जाते. तापाची गोळी इथे लागू पडत नाही. कांदा खिशात ठेवायचा तर जरूर ठेवा, त्याने अपाय नाही. पण विहीर पन्नास पावलांवर असताना कांद्यावर विसंबू नका.

एक कायदा तुम्हाला माहीत नसेल. जनावरांना क्रूरतेने वागवू नये म्हणून केंद्र सरकारने १९६५ साली ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी नियम केले. त्यात लिहिले आहे की जिथे तापमान ३७ अंशांच्या वर जाते तिथे दुपारी बारा ते तीन या वेळात जनावर कामाला जुंपू नये. नियम नसता तरी आपण तेच करतो. अकराला औत सुटते, खिलार बैल लिंबाखाली जातो, त्याला पाणी दाखवतो, पाठीवर हात फिरवतो. आणि बैल सोडणारा गडी कुदळ घेऊन बांध घालायला जातो.

ग्रामपंचायतीच्या मंडळींना माझे तीन प्रस्ताव आहेत. उन्हाचा विषय आपण १ मेच्या ग्रामसभेत घेतो, तोवर निम्मा उन्हाळा सरलेला असतो. तो २६ जानेवारीच्या सभेत घ्यावा. दुसरे, गावातली सार्वजनिक कामे मार्च ते जून या काळात सकाळी सहा ते साडेदहा आणि चार ते साडेसहा अशी लावावीत. कामावर सावली, पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी ठेवायची तरतूद कागदावर वर्षानुवर्षे आहे. पेटीशेजारी पाण्याचे एक पिंप आणि चार रिकामी पोतीही ठेवावीत. तिसरे, बाहेरगावाहून परतलेल्या मजुरांची यादी मुकादमाकडे असावी. माझ्या सजातल्या दोन गावांनी २०२५ च्या उन्हाळ्यात हे तिन्ही केले. एका मुकादमाने तर यादीतल्या लोकांच्या मनगटाला पहिला आठवडा लाल दोरा बांधला, म्हणजे लांबून दिसावे. ही युक्ती मला सुचली नव्हती.

गोव्याचे राहिले. २७ ऑक्टोबर २०२४ ला मिरामारला उतरलो. समुद्र आमच्या विहिरीपेक्षा कोमट होता आणि त्याला काठ नव्हता, एवढाच फरक. सायकल ठीक झाली. पळताना मात्र कोकणच्या ओल्या हवेने माझी सगळी सोलापुरी ऐट उतरवली. घाम नळासारखा गळत होता आणि अंग काही निवत नव्हते. माठ श्रावणातला झाला होता. शेवटचे पाच किलोमीटर मी चालत, डोक्यावर पाण्याचे पेले ओतून घेत काढले. सात तास अठ्ठेचाळीस मिनिटे लागली. माझ्या पुढे कितीतरी जण होते, त्यात माझ्या वडिलांच्या वयाचेही होते. पदक आणले ते आजींना दाखवायला नेले. त्यांनी हातावर घेऊन वजन बघितले आणि विचारले, "पितळंचं हाय का?"

येत्या हंगामाचा सराव १ मार्चपासून सुरू करतोय. आमच्या विहिरीवर पहाटे साडेपाचला. पोहायला शिकायचे असेल त्यांनी यावे, पोरींनीही यावे. येताना पाठीला बांधायला रिकामा डबा आणि वीस हात सोल आणावा. ज्यांच्या शेततळ्याला दोर नाही त्यांनी चाळीस हात आणावा. पोहून झाले की जाता जाता तो तुमच्या तळ्याला बांधून देऊ.